तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

अंटार्क्टिकाला जाऊन आलेल्या माणसाला लातूरमध्ये पेंग्विनबद्दल कोणी विचारत नाही. विचारतात, "आंघोळीचं काय करायचे हो तिथं?" मला हा प्रश्न फार आवडतो, कारण तो अगदी मुद्द्याचा आहे. नजर जाईल तिथवर गोठलेलं पाणी आणि नळाला मात्र ठणठणाट, ही परिस्थिती लातूरकराला एका वाक्यात समजते. पुण्यात एका व्याख्यानात हेच समजवायला मला फळ्यावर आकृती काढावी लागली होती.

मी मूळचा अहमदपूरचा. शिकलो विजेचं काम. नोकरीत शिरलो तो जनरेटर सांभाळणारा म्हणून आणि पुढे आपल्या देशाच्या बर्फावरच्या केंद्राचा प्रमुख झालो. निवृत्तीनंतर लातूरला घर बांधलं. दिवाळी आली की कोणी ना कोणी थरारक काहीतरी लिहा म्हणून मागे लागतं. वादळं, बर्फातल्या भेगा, अडकलेलं जहाज हे सगळं मी शाळाशाळांतून इतकं सांगितलंय की आता मलाच त्यात थरार उरलेला नाही. यंदा एका निवडीची हकिगत सांगतो. समितीतलं बाहेर बोलू नये असा दंडक असतो, म्हणून संबंधित दोघींची परवानगी घेतली आहे. तिसऱ्याचं नाव बदललं आहे.

आधी थोडं धंद्याविषयी. अंटार्क्टिकावर जाणाऱ्या प्रत्येक देशाचं आपापलं केंद्र असतं, पण एकट्याच्या जिवावर तिथं कोणी टिकत नाही. म्हणून काही देशांनी मिळून एक सामाईक संशोधन कार्यक्रम चालवला आहे. जहाजं, विमानं, डिझेल, निरीक्षणं, सगळं वाटून घ्यायचं. कोणाचं सामान आधी उतरायचं, कोणाचा आजारी माणूस आधी बाहेर काढायचा, हे ठरवायला एक प्रमुख लागतो. लोकांना वाटतं हा प्रमुख म्हणजे फार मोठा शास्त्रज्ञ. शास्त्रज्ञ असला तर चांगलंच. पण त्याचा निम्मा दिवस रुसवे काढण्यात जातो. लग्नघरात मुलीचा थोरला काका जे करत असतो, साधारण तेच काम. मलाही ही जागा एकदा विचारली होती. त्याचं शेवटी सांगतो.

तर जुने प्रमुख निवृत्त झाले आणि नवा निवडायला समिती बसली. चार शास्त्रज्ञ आणि पाचवा मी. समितीची अध्यक्ष सिग्रिड नावाची नॉर्वेची बाई. तिची माझी ओळख जुनी, आणि त्या ओळखीचा पहिला दिवस मी विसरणं शक्य नाही.

माझी ती पहिलीच मोहीम होती. आमच्या जनरेटरचा एक भाग बिघडला म्हणून शेजारच्या देशाच्या केंद्रावर मागायला गेलो होतो. शेजार म्हणजे हेलिकॉप्टरने जायचं अंतर. सकाळी घाईत काही खाल्लं नव्हतं. पोचलो तेव्हा त्यांची जेवणं चालली होती. नुकत्याच भाजलेल्या पावाचा वास सगळ्या खोलीत भरला होता. त्या दिवशी स्वयंपाकघराची पाळी सिग्रिडची होती. तिने माझ्यासमोर ताटली ठेवली आणि विचारलं, "जेवणार का?"

मी अहमदपूरचा माणूस. मी काय म्हणणार? "नको नको, जेवूनच आलोय."

तिने मान हलवली, "बरं," म्हणाली आणि ताटली उचलून नेली.

मी वाट बघत बसलो. आता परत विचारेल, मग विचारेल. तिने परत विचारलं नाही. हेलिकॉप्टरचा पायलट माझ्याशेजारी बसून मन लावून जेवला. मी हातात पाण्याचा पेला धरून खिडकीबाहेर पाहत होतो. आपल्याकडे पाहुण्याने पहिल्यांदा हो म्हणणं म्हणजे हावरटपणा आणि यजमानाने एकदाच विचारणं म्हणजे पाहुण्याला दारातून घालवणं. हा करार फक्त आपल्यालाच ठाऊक असतो हे त्या दिवशी मला पोटातून कळलं.

आता कालिंदाबद्दल. कालिंदा बिलोलीची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, घरची थोडी शेती. समुद्रावरचा बर्फ किती जाड होतो, कधी फुटतो, यावर तिचं संशोधन. मी केंद्रप्रमुख असताना ती माझ्या तुकडीत आली. महिनोन् महिने सूर्य दिसत नाही, जहाज येत नाही, त्या हिवाळ्यात आम्ही एका छपराखाली राहिलो. अशा वेळी माणसाचं जे दिसतं ते कुठल्या प्रमाणपत्रात दिसत नाही.

त्या हिवाळ्यात बर्फ वितळवायच्या टाकीचा हीटर जळाला. दुसरा जोडेपर्यंत पाणी फक्त पिण्यापुरतं. त्यातच आमचा मेकॅनिक बलबीर आधीच बिथरलेला होता. तो येता-जाता एकच विचारायचा, "जहाज कधी येणार?" जहाज उन्हाळ्याशिवाय येत नाही हे त्यालाही माहीत होतं. तरी सकाळी विचारायचा, जेवताना विचारायचा. लोक त्याच्यावर खेकसायला लागले होते. पाणी कमी झाल्यावर त्याची कुरकुर दुप्पट झाली. याला जास्त मिळालं, त्याने बाटली लपवली, असं सुरू झालं.

मी पाणी मोजून द्यायचं काम स्वतःकडे घेणार होतो. कालिंदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "सर, वाटप बलबीरकडं द्या."

"अगं, तोच तर बोंबलून राहिलाय."

"म्हणूनच म्हणते. आमच्याकडं लग्नात जो पाव्हणा लई कुरकुर करतोय, त्याच्याच हातात वरणाचं ओगराळं देतेत. मंग त्योच बाकीच्यांना गप करतोय."

मी बलबीरच्या हातात मापाचा मग दिला. दुसऱ्या दिवसापासून तक्रार बंद. बलबीर इतका काटेकोर की स्वतःचा मग भरताना दुसऱ्या कोणाला तरी बघायला बोलवायचा. जहाजाचा प्रश्न मात्र चालूच होता. त्यावर एकटी कालिंदा न चुकता उत्तर द्यायची, आणि प्रत्येक वेळी तो पहिल्यांदाच विचारल्यासारखं. "उन्हाळ्यात येईल बलबीर. बर्फ फुटला की येईल." मी एकदा तिला म्हणालो, तुला कंटाळा कसा येत नाही? ती म्हणाली, "त्याला जहाज नको हाय सर. कोनी तरी बोललं पाहिजे, एवढंच हाय."

त्याच दिवसांत आम्ही दोघं कोठारात बटाटे निवडत बसलो होतो. नासके इकडे, बरे तिकडे. मध्येच ती म्हणाली, "सर, ही सगळी जहाजं ज्या खुर्चीवरून हालतात ना, तिथं एकदा बसायचं हाय मला." आणि लगेच लाजून बटाट्याला कोंब आलाय का ते बघायला लागली. तिची इच्छा तिच्या तोंडून मी एवढ्या एकाच वेळी ऐकली होती.

त्यानंतर ती स्वतः केंद्रप्रमुख झाली, मोठमोठ्या मोहिमा तिने चालवल्या. म्हणून शेवटच्या दोन नावांत तिचं नाव आलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. इथं अर्ज करायचा नसतो, संस्था नाव सुचवतात. दुसरं नाव ॲलन म्हणू. हुशार, वयाने मोठा, उत्तम बोलणारा. त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती.

पहिल्याच बैठकीत मी सांगून टाकलं की कालिंदा माझ्या भागातली आहे आणि माझ्या हाताखाली तिने काम केलं आहे, तेव्हा मी दोघांनाही गुण देणार नाही. सिग्रिड म्हणाली, "योग्य. मतही द्यायचं नाही. प्रश्न मात्र विचारू शकता." मी कबूल केलं. एवढी वर्षं जनरेटर सांभाळल्यावर एक गोष्ट अंगात मुरते. नियम आपल्या सोयीने वाकवला की अंधार सगळ्यांच्याच वाट्याला येतो.

मुलाखती संगणकावर होत्या. मी लातूरच्या घरी, पुढच्या खोलीत, इन्व्हर्टर चालू असल्याची दोनदा खात्री करून बसलेला. बाहेर भाजीवाल्याचा भोंगा, आत कुकर. पहिल्या फेरीत एका सभासदाने दोघांनाही विचारलं, "ही जागा तुम्हाला हवी आहे का? का?"

ॲलनने सुरेख उत्तर दिलं.

कालिंदा म्हणाली, "ॲलन माझ्यापेक्षा ज्येष्ठ आहेत. त्यांना निवडलंत तर मी आनंदाने त्यांच्यासोबत काम करेन. समितीला माझा उपयोग आहे असं वाटलं, तर जी जबाबदारी द्याल ती पार पाडेन."

मी कपाळाला हात लावला. कॅमेरा चालू आहे हे लक्षात आल्यावर तोच हात केसांतून फिरवला. तिचं बोलणं आपल्याकडच्या कोणत्याही बैठकीत लोकांनी माना डोलवत ऐकलं असतं. पोरगी जाणती आहे, म्हणाले असते. इथं मात्र तिचा चेहरा पडद्यावरून गेल्याबरोबर तो सभासद म्हणाला, "तिला ही जागा नको आहे. तिने सभ्यपणे सांगितलं. आपण तिच्या इच्छेचा मान राखायला हवा." बाकीच्यांनाही तसंच वाटलं. सिग्रिडने मान हलवली. ताटली उचलून नेताना हलवली होती तशीच.

मला मत द्यायची बंदी होती. तिला फोन करून "अगं, असं काय बोललीस," म्हणणं सोपं होतं. नंबर काढलाही होता. पण ते ॲलनवर अन्यायाचं झालं असतं आणि उद्या ती त्या खुर्चीत बसली असती तर खुर्चीच्या एका पायाखाली माझा फोन राहिला असता. मी फोन ठेवून दिला. मग दोन दिवस घरात सगळ्यांवर चिडचिड केली.

तेवढ्यात अर्धापूरहून आमचे व्याही आले. दरवेळेप्रमाणे बरोबर केळीचा घड. जेवणाची वेळ होती. माझी बायको सुमन दारातच म्हणाली, "चला, पान मांडते."

"न्हाई न्हाई विहीणबाई, जेवूनच निघालो."

"असं कसं, थोडं घ्या की."

"खरंच न्हाई. पोट गच्च हाय."

"बसा म्हणते ना. भाकरी टाकलीय तव्यावर."

"बरं, तुम्ही म्हणताच आहात तर," असं म्हणून व्याही हात धुवायला उठले आणि तीन भाकरी जेवले. अर्धापूरहून सकाळी चहावर निघाले होते, हे त्यांनी ताक पिताना सांगितलं.

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. मत द्यायची मला बंदी होती. प्रश्न विचारायची नव्हती. आणि एकच प्रश्न कितीदा विचारायचा, याबद्दल नियमात काहीही नव्हतं.

दुसऱ्या फेरीत आधी ॲलन आला. माझी पाळी आल्यावर मी विचारलं, "ही जागा तुम्हाला हवी आहे का?" त्याने पुन्हा छान उत्तर दिलं. आंतरराष्ट्रीय सहकार्य, नव्या पिढीला संधी, सगळं त्यात होतं. मी ऐकून घेतलं आणि म्हणालो, "ही जागा तुम्हाला हवी आहे का?" तो जरा थबकला, हसला, थोडक्यात तेच सांगितलं. मी तिसऱ्यांदा विचारलं. आता त्याचं हसू गेलं. "याचं उत्तर मी दिलेलं आहे," तो म्हणाला. "तुमच्याकडे आवाज नीट पोचत नसेल तर कृपया तपासून घ्या."

त्याचं काही चुकलं नाही. बाजारात कोणी मला तीनदा एकच विचारलं तर मीही असाच वैतागेन. पण समितीच्या पाचही चौकटींतले चेहरे बदलले. आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी बर्फावर हिवाळा काढलेला. प्रत्येकाच्या तुकडीत तेच तेच विचारणारा एक बलबीर होताच.

मग कालिंदा आली. निळी साडी, मागे नांदेडच्या घरातलं पुस्तकांचं कपाट. मी विचारलं, "ही जागा तुम्हाला हवी आहे का?"

"आधी म्हटलं तसं, समितीचा निर्णय मला मान्य असेल."

"ही जागा तुम्हाला हवी आहे का?"

"विश्वास टाकलात तर मी कमी पडणार नाही."

मी खाकरलो. ती आता तिसऱ्यांदाही तेच म्हणाली असती तर माझ्या पोतडीत दुसरं काही नव्हतं. यजमानाने तीनदा विचारायचं असतं. चौथ्यांदा विचारणं म्हणजे जबरदस्ती.

"ही जागा तुम्हाला हवी आहे का?"

ती खुर्चीत सरळ झाली. कॅमेऱ्यात रोखून बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावर काय बदललं ते बाकीच्या चौघांना कळलं नसेल, मला कळलं. पान वाढलेलं आहे, पाट मांडलेला आहे, आता उठायचं, हे कळलेल्या माणसाचा तो चेहरा होता.

"हो," ती म्हणाली. "हवी आहे. पहिल्या हिवाळ्यापासून हवी आहे."

आणि मग ती बोलत सुटली. डिझेलचा सामाईक साठा कुठे करायचा, छोट्या देशांच्या केंद्रांना जहाजावर जागा शेवटी मिळते ते कसं बदलायचं, हिवाळ्यात राहणाऱ्यांशी दर आठवड्याला कोणी तरी बोललंच पाहिजे. कोणी तरी म्हणजे ती स्वतः. त्या सभासदाने विचारलं, "जहाजांच्या वेळापत्रकावरून दरवर्षी भांडणं होतात, त्याचं काय करणार?" ती म्हणाली, "जो देश सगळ्यात जास्त तक्रार करतो, त्याच्याचकडे वेळापत्रक देणार." पडद्यावर सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने हसलेला सभासद त्याच देशाचा होता.

मुलाखत संपल्यावर सिग्रिडने मला थांबवलं. "हे काय होतं? तीनदा का?"

"दोघांनाही तीनदाच विचारलं," मी म्हणालो. "निकाल लागेपर्यंत एवढंच सांगता येईल."

निकाल चौघांनी लावला. मी त्या बैठकीला नव्हतोच. कालिंदाची निवड झाल्याचं कळलं, आणि मग मी सिग्रिडला फोन करून ती जुनी ताटलीची गोष्ट सांगितली.

"तू उपाशी होतास?"

"सकाळपासून."

"अरे देवा! मी तुझा वाटा त्या पायलटला दिला." मग तिला हसू आवरेना. हसणं थांबल्यावर म्हणाली, "म्हणजे पहिल्या फेरीत ती नाही म्हणालीच नव्हती."

"तिची सुरुवातच झाली नव्हती," मी म्हणालो.

तिनेच मग पुढचं सांगितलं. कालिंदाला रीतसर विचारायला फोन करताना माझे ते तीन प्रश्न तिच्या मनात होते. कारण कळलं नव्हतं, पण आपणही तीनदा विचारायचं असं ठरवून ती बसली होती. "आणि ती पहिल्याच वेळी हो म्हणाली. मला पुढे बोलूच दिलं नाही." सिग्रिडच्या आवाजात चक्क तक्रार होती.

तिकडे रुजू व्हायच्या आधी कालिंदा बिलोलीला आई-वडिलांना भेटून लातूरला आली. सुमनने तिला बघताच विचारलं, "जेवतीस का गं?"

"हो काकू. लई भूक लागलीय. वाढा."

सुमन पदर खोचायचीच थांबली. स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, ही एकदाच विचारल्यावर बसली की!" मग तिलाही हसू आलं आणि तिने भाकरीवर लोण्याचा गोळा नेहमीपेक्षा मोठा ठेवला.

मी कालिंदासोबत जेवायला बसलो. फार समाधान वाटत होतं, ते लपवायचं काही कारण नाही. ज्या खुर्चीत कोणाला बसवायचं यावर देश भांडतात, तिथं बिलोलीच्या मास्तरांची पोर बसणार होती, आणि तिला बसवताना कोणाचा हक्क मारला नव्हता. ती खाता खाता एकदम म्हणाली, "सर, एक विचारू? तुम्ही एवढे हिवाळे काढले. ही जागा तुम्हाला कधी कोणी विचारली न्हाई का?"

"विचारली की. तू यायच्याही आधी, जुन्या प्रमुखांच्या निवडीच्या वेळी. निवडायला आलेले गृहस्थ आमच्या केंद्रावर माझ्यासमोर बसले होते."

"मंग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, माझ्यापेक्षा मोठी माणसं आहेत."

तिने घास खाली ठेवला. पुढचं तिला कळलं होतं. तरी तिने विचारलं, "मंग?"

"मग काही नाही," मी म्हणालो. "एकदाच विचारलं त्यांनी."

सुमनला ही गोष्ट लग्नाइतकी जुनी असल्यासारखी पाठ आहे. ती आतून गरम भाकरी घेऊन आली आणि न विचारता माझ्या ताटात वाढली. मी नको म्हणालो नाही.